सागरतीरीची जुनी वस्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय किनाऱ्यावर साउथ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. त्या राज्यात ॲश्ली आणि कूपर या दोन नद्या एकमेकींजवळून वाहत येतात व एका विस्तीर्ण बंदरात मिसळून अटलांटिक महासागरास मिळतात. या दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखी पुढे आलेली एक सखल भूमी आहे. चार्ल्सटन नगराचा सर्वांत जुना भाग याच भूमीवर वसलेला आहे. भूमीच्या अगदी टोकाशी लाटांना तोंड देणारी दगडी भिंत असून तिच्या आश्रयाला एक उद्यान आहे. बंदराच्या रक्षणासाठी पूर्वी येथे तोफा मांडलेल्या असत. म्हणून या भागास ‘बॅटरी’, म्हणजे तोफखाना, असे नाव पडले. आज तेथील तोफा मुक्या आहेत. सायंकाळी वृद्ध माणसे भिंतीवरून शांतपणे फिरत असतात, मुले तोफांवर चढून खेळत असतात आणि दूरवर गलबतांची शिडे दिसत असतात.

या भिंतीपासून उत्तरेकडे जुनी वस्ती पसरलेली आहे. तिचे रस्ते अरुंद आहेत. चाल्मर्स मार्गासारखा एखादा रस्ता तर अद्याप वाटोळ्या गोट्यांनी बांधलेला आहे. हे गोटे त्या भूमीतले नव्हेत. माल नेण्यासाठी येणारी रिकामी जहाजे समुद्रात डोलू नयेत म्हणून त्यांच्या तळाशी दगडांचे ओझे भरून आणीत. बंदरात पोहोचल्यावर ते दगड उतरवून त्यांच्या जागी माल भरला जाई. आणि किनाऱ्यावर पडून राहिलेल्या दगडांचे रस्ते होत. अशा रस्त्यांच्या दुतर्फा फिकट गुलाबी, पिवळी, निळी व हिरवी घरे उभी आहेत. त्यांच्या छपरांवरून चर्चचे उंच मनोरे डोकावतात.

ही घरे पाहावयास दरवर्षी लक्षावधी प्रवासी येतात. परंतु ती घरे पाहावयाची वस्तू म्हणून बांधलेली नव्हती व आजही केवळ तशी नाहीत. त्यांच्या झडपांमागे कुटुंबे राहतात. मुले तेथून शाळेस जातात, स्वयंपाकघरांतून मासळीचा वास येतो, पावसाळी दिवसांत माणसे दाराशी उभी राहून रस्त्यावरच्या पाण्याचा अंदाज घेतात. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या घरात आणि तेही समुद्राच्या इतक्या निकट राहणे हे सुखाचे आहे. पण ते सोपे मात्र नाही.

इंग्रज वसाहतवाले १६७० साली ॲश्ली नदीच्या पश्चिम तीरावर उतरले. बंदराच्या दृष्टीने ती जागा गैरसोयीची वाटल्यावरून १६८० साली त्यांनी आपली वसाहत दोन नद्यांमधील या टोकावर आणली. त्या वेळी इंग्लंडच्या सिंहासनावर दुसरा चार्ल्स राजा होता. त्याच्या नावावरून गावाचे नाव ‘चार्ल्स टाउन’ असे पडले. पुढे अमेरिका स्वतंत्र झाल्यावर, १७८३ साली, त्याचे ‘चार्ल्सटन’ असे रूप झाले. अठराव्या शतकात तांदूळ व नीळ या दोन पिकांनी या बंदरास अपार वैभव प्राप्त करून दिले. कूपर नदीच्या काठाने लाकडी धक्के समुद्रात पुढे गेले. धक्क्यांसमोर व्यापाऱ्यांनी घरे बांधली. तळमजल्यावर दुकान व कोठार आणि वर कुटुंबाचे बिऱ्हाड, अशी त्यांची रचना असे. ‘ईस्ट बे’ मार्गावर अशा तेरा घरांची एक रांग आजही उभी आहे.

या वैभवाची दुसरी बाजू अत्यंत दुःखाची आहे. ज्या तांदळाने चार्ल्सटन श्रीमंत झाले, तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी पिकविला. त्यांच्यापैकी अनेक जण पश्चिम आफ्रिकेतील भातशेतीच्या प्रदेशातून आलेले होते. बांध कसे घालावे, भरतीच्या जोराने गोडे पाणी शेतात कसे चढवावे, भात कसे कांडावे व पाखडावे, याचे ज्ञान त्यांनी आपल्याबरोबर आणले होते. आपल्याकडील सुपासारखी भात पाखडण्याची त्यांची रुंद टोपली गवताच्या कांड्यांना ताडाच्या पात्यांनी गुंफून तयार होई. त्यांचे वंशज आजही चार्ल्सटनच्या बाजारात व रस्त्यांच्या कडेला बसून तशाच गुंफणीच्या टोपल्या विणतात. २००६ साली साउथ कॅरोलायनाने या कलेस आपल्या राज्याची हस्तकला म्हणून मान्यता दिली.

घरेही गुलामांच्याच हातांनी उभी राहिली. नद्यांच्या काठी चिकणमाती मुबलक होती. ती मळणे, साच्यात दाबणे, ओल्या विटा उन्हात उलटसुलट करणे व भट्टीत भाजणे ही कामे त्यांच्याकडून करवून घेतली जात. हलक्या कामांवर लहान मुलांनाही लावीत. ओली वीट उचलताना तिच्यावर बोटे उमटत आणि भट्टीत ती खूण कायमची पक्की होई. चार्ल्सटनच्या जुन्या भिंतींत अशा ठशांच्या विटा आजही आढळतात. त्यांतील काही ठसे इतके लहान आहेत, की ते मुलांच्याच बोटांचे असावेत, हे पाहताक्षणी ध्यानात येते. त्या मुलांची नावे कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत. त्यांची बोटे मात्र भिंतीत राहिली आहेत.

अमेरिकेत गुलाम आणण्याचा व्यापार १ जानेवारी १८०८ पासून कायद्याने बंद झाला. तोपर्यंत उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के लोक चार्ल्सटनच्या बंदरातून आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गॅड्सडेनचा धक्का हे त्यांना उतरविण्याचे एक प्रमुख ठिकाण होते. आयात बंद झाली तरी गुलामगिरी चालूच राहिली. ती मोडून काढण्यास १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध व्हावे लागले. त्या युद्धाचा पहिला तोफखान्याचा मारा १२ एप्रिल १८६१ रोजी याच बंदरातील सम्टर किल्ल्यावर झाला. तो पाहण्यासाठी बॅटरीजवळील घरांच्या छपरांवर माणसांची गर्दी झाली होती.

पुढील वर्षी या वस्तीच्या धक्क्यावरून एक विलक्षण प्रसंग घडला. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा २३ वर्षांचा गुलाम ‘प्लँटर’ नावाच्या जहाजावर सुकाणू धरण्याचे काम करीत असे. १३ मे १८६२ च्या पहाटे, जहाजावरील गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, त्याने आपल्या सोबत्यांसह जहाज सुरू केले. वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतले. डोक्यावर कप्तानाची टोपी घालून व प्रत्येक किल्ल्यासमोर ठरलेली खूण देऊन त्याने ते जहाज तोफांच्या तोंडांखालून बाहेर काढले आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या पक्षाच्या आरमाराच्या स्वाधीन केले. या धैर्यवान पुरुषास पुढे लोकांनी अमेरिकेच्या संसदेत निवडून पाठविले.

चार्ल्सटनमधील घरांची रचना तेथील हवेला अनुसरून झालेली आहे. उन्हाळ्यात तेथे उष्मा फार आणि हवा दमट असते. म्हणून तेथील कारागिरांनी एक खास पद्धत रूढ केली. तिला तेथील लोक ‘एकेरी घर’ म्हणतात. असे घर एकाच खोलीइतके रुंद असते. त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि लांब बाजू अंगणाकडे मागे जाते. या लांब बाजूस प्रत्येक मजल्यावर ओसरी असते. ती बहुधा दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे उघडते, म्हणजे बंदरावरून येणारा वारा तिच्यातून सरळ घरात शिरतो व दुपारचे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही. रस्त्यावरचे दार उघडले, की माणूस घरात जात नाही. तो ओसरीवर येतो. खरे दार त्या ओसरीच्या मध्यावर असते. विजेचे पंखे नव्हते त्या काळी सारे कुटुंब संध्याकाळी या ओसरीवर बसे, आणि वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या गोष्टीही येत.

या वस्तीवर संकटांची परंपराच कोसळली. १८६१ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीने नगराचा मोठा भाग भस्मसात केला. पाठोपाठ युद्धातील तोफांचा मारा झाला. ३१ ऑगस्ट १८८६ रोजी रात्री दहाच्या सुमारास मोठा भूकंप झाला. सुमारे ६० माणसे दगावली, आणि धक्का बसला नाही असे घर शोधूनही सापडणे कठीण झाले. लोक कित्येक दिवस उद्यानांत तंबू ठोकून राहिले. भिंती बाहेर कलल्या होत्या. तेव्हा मजल्यांच्या पातळीवर घराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लोखंडी गज ओवण्यात आले आणि त्यांच्या टोकांना बाहेरून जाड लोखंडी चकत्या लावून ते आवळण्यात आले. आजही अनेक घरांच्या दर्शनी भिंतींवर अशा चकत्या दिसतात. कोणी त्यांना ताऱ्याचा आकार दिला, तर कोणी सिंहाच्या मुखाचा. जखमेवरची पट्टीही शोभिवंत करून टाकावी, तसेच हे आहे.

युद्धानंतर चार्ल्सटनला दीर्घकाळ दारिद्र्य आले. इतर नगरांत जुनी घरे पाडून नवे उंच वाडे उठू लागले. येथे मात्र नवे बांधावयास कोणाजवळ पैसा नव्हता. गरिबीने एका परीने ही घरे वाचविली. पण तीच गरिबी त्यांना हळूहळू पोखरीतही होती. छपरे गळत होती, लाकूड कुजत होते. ईस्ट बे मार्गावरील तेरा घरांची रांग अगदी मोडकळीस आली होती. बाहेरगावचे धनिक येत आणि नक्षीदार लोखंडी फाटके, कोरीव लाकडी तावदाने, कधी कधी संपूर्ण दालनाच्या भिंतींचे लाकूडकामच विकत घेऊन जात.

अशा वेळी सुसान प्रिंगल फ्रॉस्ट नावाची एक स्त्री पुढे आली. ती फार श्रीमंत नव्हती. न्यायालयात लघुलेखिकेचे काम केल्यावर तिने घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय पत्करला होता. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही ती झटली होती. मॅनिगॉल्ट घर नावाची एक सुंदर जुनी वास्तू पाडली जाणार, असे कळल्यावर तिने १९२० साली काही नागरिकांना एकत्र केले व जुन्या घरांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. ती वास्तू वाचली. ईस्ट बे मार्गावरील त्या रांगेतील सहा पडकी घरेही फ्रॉस्टबाईंनी विकत घेतली. त्यांची दुरुस्ती करण्याइतका पैसा त्यांच्यापाशी कधीच जमला नाही. पण घरे पाडू मात्र त्यांनी दिली नाहीत. पुढे १९३१ साली त्या रांगेतील दोन घरे लेग नावाच्या दांपत्याने घेतली. डोरोथी लेग यांनी ती दुरुस्त करून त्यांस फिकट गुलाबी रंग दिला. शेजाऱ्यांनी त्यांचे अनुकरण केले. एकाने पिवळा रंग निवडला, दुसऱ्याने निळा. आज त्या रांगेला ‘इंद्रधनुष्याची ओळ’ असे म्हणतात.

त्याच १९३१ साली नगराने एक महत्त्वाचा कायदा केला. बॅटरीजवळील वस्ती ‘जुना व ऐतिहासिक विभाग’ म्हणून जाहीर करण्यात आली आणि तिच्यातील इमारतींच्या बाह्य स्वरूपावर देखरेख ठेवण्यासाठी एक मंडळ नेमण्यात आले. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा होय. पुढे इतर अनेक नगरांनी तो आदर्श मानला. आरंभी मंडळाचे अधिकार मर्यादित होते. जुनी इमारत पाडण्यास नकार देण्याचा अधिकार त्यास १९६६ साली मिळाला.

या कायद्यामुळे येथे राहणाऱ्या माणसाला काही बंधने पाळावी लागतात. घर त्याच्या मालकीचे असते. परंतु रस्त्यावरून दिसणारा कोणताही भाग त्याला मंडळाच्या संमतीवाचून बदलता येत नाही. खिडकी मोडली, तर मूळच्या धर्तीची खिडकी करून घ्यावी लागते. झडपांच्या ठिकाणी दुसरे काही चालत नाही. कित्येकांना हे जाचक वाटते, आणि खर्चही पुष्कळ येतो. परंतु या नियमांमागे विचार आहे. घराच्या भिंती मालकाच्या असतात, पण त्या भिंतींनी रस्त्याला जे रूप आलेले असते, त्यावर साऱ्या गावाचा हक्क असतो. एका घराने आपले रूप बिघडविले, तर सबंध ओळीचे रूप बिघडते.

दुरुस्ती करतानाही जुन्या घराचा स्वभाव ओळखावा लागतो. जुन्या भिंती मऊ विटांच्या व चुन्याच्या आहेत. चुना सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्याच्यातून हळूहळू बाहेर पडते. एखाद्याने मजबुती यावी म्हणून सांध्यांत कठीण सिमेंट भरले, तर ओलीला वाट राहत नाही. ती विटेतच कोंडते आणि काही वर्षांनी विटेचेच पापुद्रे सुटू लागतात. विटांपेक्षा सांधा मऊ असावा, म्हणजे झीज सांध्याची होते व तो पुन्हा भरता येतो, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, वाळवी लाकडात शिरते, रंग लवकर उडतो. लहानशा भेगेकडे कानाडोळा केला, तर मोठ्या खर्चाला आमंत्रण मिळते.

हे ज्ञान ज्यांच्या हातांत असते, त्या कारागिरांवाचून जुनी वस्ती जगू शकत नाही. फिलिप सिमन्स हे अशा कारागिरांतील एक थोर नाव आहे. त्यांचा जन्म १९१२ साली चार्ल्सटनजवळील डॅनियल बेटावर एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आठव्या वर्षी ते शिक्षणासाठी नगरात आले. शाळेच्या वाटेवर कूपर नदीच्या बाजूस लोहार, सुतार व जहाज बांधणारे यांची दुकाने होती. लोहाराच्या भट्टीतील ठिणग्यांनी त्या मुलाला मोहून टाकले. तेराव्या वर्षी ते एका वृद्ध लोहाराच्या हाताखाली शिकू लागले. प्रथम घोड्यांचे नाल व गाड्यांच्या चाकांच्या धावा हेच त्यांचे काम होते. रस्त्यांवरून घोडे नाहीसे होऊ लागले, तेव्हा अनेक लोहारांचा धंदा बसला. सिमन्स मात्र डगमगले नाहीत. ते जुन्या फाटकांची दुरुस्ती करू लागले आणि पुढे स्वतःच्या कल्पनेने नवी फाटके घडवू लागले. त्यांच्या ऐरणीवर लोखंडाची वेल झाली, पक्षी झाला, हृदय झाले. त्यांनी घडविलेली पाचशेहून अधिक फाटके, कठडे व जाळ्या चार्ल्सटन परिसरात आहेत. १९८२ साली राष्ट्रीय पातळीवर त्यांचा सन्मान झाला. २००९ साली ते निवर्तले. त्यांची फाटके आजही रोज उघडतात व मिटतात.

कारागिरांची उणीव किती घातक ठरते, याचा अनुभव नगराला १९८९ साली आला. त्या वर्षी २१ सप्टेंबरच्या रात्री ‘ह्यूगो’ नावाचे प्रचंड चक्रीवादळ चार्ल्सटनजवळ किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, झाडे उन्मळून पडली, समुद्राचे पाणी घरांत शिरले. वादळ ओसरल्यावर लोक दुरुस्तीस लागले. पण जुन्या पद्धतीचा गिलावा करणारे, दगड घडविणारे व सांधेजोड लाकूडकाम जाणणारे कारागीर पुरेसे मिळेनात. या अनुभवातूनच पुढे चार्ल्सटनमध्ये बांधकामाच्या हस्तकला शिकविणारे एक महाविद्यालय उभे राहिले. तेथील विद्यार्थी पुस्तकांबरोबर करवत, थापी व हातोडाही हाताळावयास शिकतात.

वादळ येते व निघून जाते. आता या वस्तीपुढे जे संकट आहे, ते मात्र संथपणे येत आहे आणि परत जाण्याचे नाव घेत नाही. चार्ल्सटन बंदरात भरतीच्या पाण्याची नोंद १९२१ पासून ठेवली जाते. तेव्हापासून आजपर्यंत समुद्राची पातळी तेथे सुमारे एक फुटाने वाढली आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे बर्फ वितळते व समुद्राचे पाणी प्रसरण पावते. शिवाय तेथील भूमीही किंचित खचत आहे. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही मोठ्या भरतीचे पाणी गटारांच्या वाटेने उलट वर चढते आणि रस्त्यांवर पसरते. २०१९ साली रस्त्यांवर पाणी आणणारी अशी भरती ८० हून अधिक वेळा आली. मुलांना शाळेची वाट बदलावी लागते. मोटारी आदल्या रात्रीच उंच जागी नेऊन ठेवाव्या लागतात.

पाणी कोठे साचते, हे पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ‘वॉटर स्ट्रीट’, म्हणजे पाण्याचा मार्ग, असे नाव असलेला एक रस्ता या वस्तीत आहे. पूर्वी तेथे खरोखरच एक खाडी होती. नगराचा जुना बाजारही बुजविलेल्या खाडीवर वसलेला आहे. जमीन वाढावी म्हणून पूर्वजांनी खाड्या व दलदली भरून काढल्या. माणसे ते विसरली. पाणी आपली जुनी वाट विसरलेले नाही.

या संकटास नगर हातपाय जोडून बसलेले नाही. ॲश्ली नदीकाठची, विसाव्या शतकाच्या आरंभीची जुनी भिंत टप्प्याटप्प्याने दुरुस्त व उंच करण्याचे काम हाती घेण्यात आले. गटारांच्या मुखांशी एकाच बाजूस उघडणाऱ्या झडपा बसविण्यात आल्या. त्यांतून पावसाचे पाणी बाहेर जाते, परंतु समुद्राचे पाणी आत येत नाही. २०१५, २०१६ व २०१७ या लागोपाठच्या तीन वर्षांत घरांत पाणी शिरल्यावर काही मालकांनी आपली घरेच उचलण्याचे ठरविले. सबंध घराखाली लोखंडी तुळया घालून ते यंत्रांच्या साहाय्याने तसूतसूने वर नेतात आणि त्याच्याखाली उंच पाया बांधतात. घरांचे मूळ रूप राखण्यासाठीच नेमलेल्या मंडळापुढे त्यामुळे मोठा पेच पडला. घर उंच केले, तर पायऱ्या वाढतात, दार रस्त्यापासून दूर जाते, ओळीचा मेळ बिघडतो. उंच केले नाही, तर घरच जाण्याचा धोका. अखेर, २०१९ साली, घरे कशी उचलावीत याविषयी मार्गदर्शक नियम करण्यात आले. जपणे म्हणजे काहीच न बदलणे, असे मानणारे अनेक जण होते. जपण्यासाठीही कधी कधी बदलावे लागते, हे पाण्याने त्यांना शिकविले.

आणखी एक प्रश्न भिंतींनी किंवा यंत्रांनी सुटणारा नाही. जुनी घरे सुधारली, तसतशा त्यांच्या किमती वाढल्या. चर्च मार्गावर ‘कॅबेज रो’, म्हणजे कोबीची ओळ, या नावाची एक इमारत आहे. तेथे राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबे खिडक्यांच्या कट्ट्यांवर भाजी मांडून विकीत. त्यावरून तिला ते नाव पडले. १९२५ साली ड्यूबोस हेवर्ड यांनी लिहिलेल्या ‘पोर्गी’ या कादंबरीमुळे ती जगप्रसिद्ध झाली. इमारत राहिली, भाजी विकणारी कुटुंबे तेथे राहिली नाहीत. अशी कितीतरी कुटुंबे वाढत्या भाड्यांमुळे दूर गेली. ज्यांच्या पूर्वजांच्या बोटांचे ठसे विटांवर आहेत, त्यांनाच त्या विटांच्या घरात राहणे परवडू नये, ही खेदाची गोष्ट होय.

तरीही काही चांगल्या घटना घडल्या. १९५५ साली कूपर नदीकाठचे जुने धक्के आगीत जळाले होते. त्या मोक्याच्या जागी उंच इमारती सहज उभ्या राहिल्या असत्या; नगराने तेथे सर्वांसाठी उद्यान केले व ते १९९० साली खुले झाले. आज तेथे कोणीही विनामूल्य बसून बंदराचा वारा घेऊ शकतो. आणि गॅड्सडेनच्या धक्क्याच्या जागी २०२३ साली आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांचे एक मोठे संग्रहालय उघडले. ज्या ठिकाणी माणसे बेड्यांत उतरविली गेली, त्याच ठिकाणी आज त्यांचा इतिहास त्यांच्या वंशजांच्या तोंडून ऐकावयास मिळतो.

जुन्या घरात राहणारा मनुष्य हा त्याचा मालक असतो, पण त्याहून अधिक तो त्याचा विश्वस्त असतो. त्याच्यापूर्वी कोणीतरी भूकंपानंतर ते घर लोखंडी गजांनी आवळले, कोणीतरी पदरमोड करून ते पाडू दिले नाही, कोणीतरी त्याचे फाटक घडविले, आणि सर्वांच्या आधी कोणा अनाम मुलाने त्याची वीट ओल्या हातांनी उलटून ठेवली. या सर्वांचे ऋण त्याच्यावर असते. समुद्राची भरती उद्या किती वर चढेल, हे त्याच्या हाती नाही. आपल्या वाट्यास आलेले घर पुढील पिढीच्या हाती धड अवस्थेत आणि त्याच्या खऱ्या इतिहासासह सोपविणे, एवढे मात्र त्याच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ‘बॅटरी’ हे नाव कशावरून पडले?
(आ) दगडी गोट्यांचे रस्ते कसे तयार झाले?
(इ) घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या का दिसतात?
(ई) जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरल्यास काय होते?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे सविस्तर लिहा.
(अ) ‘एकेरी घरा’ची रचना तेथील हवेस कशी अनुरूप आहे?
(आ) विटांवरील ठसे कोणाची आठवण करून देतात? त्या लोकांचे नगरावर कोणते ऋण आहे?
(इ) घरे उचलण्याविषयी मंडळापुढे कोणता पेच पडला? तो कसा सोडविण्यात आला?

३. कारणे द्या.
(अ) गरिबीने एका परीने ही घरे वाचविली.
(आ) निरभ्र दिवशीही चार्ल्सटनच्या रस्त्यांवर पाणी येते.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
तोंड देणे, कानाडोळा करणे, हाती घेणे, पदरमोड करणे, मोडकळीस येणे.

५. पुढील वाक्याचे स्पष्टीकरण करा.
‘माणसे ते विसरली; पाणी आपली जुनी वाट विसरलेले नाही.’

६. आपल्या गावातील एखादा जुना वाडा, घाट, देऊळ, मशीद किंवा विहीर पाहून या. ती वास्तू कोणी बांधली, कोणते साहित्य वापरले आणि आज तिची निगा कोण राखते, याविषयी वडीलधाऱ्या माणसांना विचारा व दहा-बारा ओळी लिहा.